उभ्या गाडीचा ताप



मोटारसायकलचे इंजिन धावताना अधिक तापते, की गर्दीत रखडताना? हा प्रश्न मी नववीच्या वर्गात नेहमी विचारतो. बहुतेक हात 'धावताना'च्या बाजूने वर होतात. कारण विचारले तर तेही तयार असते, "सर, धावताना पेट्रोल जास्त जळते ना!" गंमत अशी, की कारण अगदी बरोबर आहे आणि उत्तर मात्र चूक आहे. असे का व्हावे, हे आपण आज पाहू. पण त्याआधी माझी स्वतःची एक फजिती सांगतो. वर्षानुवर्षे शीतलनाचा नियम शिकवणाऱ्या माणसाला तो नियम रस्त्यावर कसा भेटला, त्याची ही गोष्ट आहे.

२०१७ सालच्या दिवाळीआधीचा रविवार होता. पुण्याचा लक्ष्मी रस्ता खरेदीच्या गर्दीने तुडुंब भरला होता. माझी १०० सीसीची जुनी मोटारसायकल घेऊन मी सोन्या मारुती चौकातून अलका टॉकीजच्या दिशेने निघालो. अंतर दोन किलोमीटरसुद्धा नाही. पण अर्धा तास झाला तरी मी वाटेतच होतो. दहा पावले पुढे, मग थांबा. पुन्हा दहा पावले, पुन्हा थांबा. पोटऱ्यांना चटका बसू लागला. अॅक्सिलरेटर पिळला की इंजिनातून खडखड असा आवाज येई आणि गाडी मात्र ओढ घेत नसे. विजय टॉकीजच्या जवळपास ती बंद पडली, ती काही केल्या चालू होईना.

गाडी ढकलत कडेला घेतली. चहाच्या टपरीवाल्याला दया आली. तो तांब्याभर पाणी घेऊन आला आणि इंजिनावर ओतणार, तोच पलीकडून एका गॅरेजमधला तरुण ओरडला, "ओ काका, पाणी नका ओतू! तडा जाईल. वीस मिनिटे उभी ठेवा आणि चहा प्या." चहा पिऊन होईपर्यंत तो आला, वाकून इंजिन न्याहाळले आणि म्हणाला, "काका, हिला वारा लागायला जागाच ठेवली नाही तुम्ही." पावसाळ्यातला चिखल इंजिनाच्या खाचांत वाळून दगडासारखा झाला होता. पावसात पाय भिजू नयेत म्हणून लेग गार्डला बांधलेले रेक्झिनचे पडदे मी दिवाळी आली तरी काढले नव्हते. तेलाची पट्टी काढून पाहिली, तर तेल खालच्या खुणेच्याही खाली! त्यात भर म्हणून, चार पैसे वाचावेत यासाठी कार्ब्युरेटरचा पेट्रोलपुरवठा मीच आग्रह करून कमी करून घेतला होता. त्या तरुणाने पैसे घेतले नाहीत. घेतले असते तर बरे, इतकी मला लाज वाटली.

उष्णता येते किती?

आता असे पाहा. एक लिटर पेट्रोल जळले की साधारणपणे ३ कोटी २० लाख जूल उष्णता मिळते. इंजिन या उष्णतेचा जेमतेम पाव भाग चाक फिरवण्याच्या कामी लावते. उरलेली उष्णता काही धुराबरोबर निघून जाते, काही सिलिंडरच्या भिंतींतून आणि तेलातून बाहेर पडते. सिलिंडरमध्ये ज्वलनाच्या क्षणी वायूंचे तापमान २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते आणि ॲल्युमिनियम तर ६६० अंशांना वितळते. तरीही इंजिन वितळत नाही, कारण हा उकाडा क्षणभराचा असतो आणि आलेली उष्णता सतत बाहेर काढली जात असते. ती बाहेर काढण्याचे काम थांबले, तर मात्र इंजिनाची खैर नाही.

समजा, एक मोटारसायकल ताशी ५० किलोमीटर वेगाने जात आहे आणि एका लिटरमध्ये ६० किलोमीटर धावते. म्हणजे ती तासाला सुमारे ८३० मिलिलिटर पेट्रोल जाळते. हीच गाडी नुसती उभी राहून धडधडत असेल, तर तासाला २०० मिलिलिटर पेट्रोल लागते असे धरू. धावताना चौपट पेट्रोल जळते. त्यातला काही भाग चाकाच्या कामी खर्ची पडतो हे लक्षात घेतले, तरी धावत्या गाडीत उभ्या गाडीच्या तिप्पट उष्णता तयार होते. म्हणजे तुमचे कारण बरोबरच होते. मग चूक कोठे झाली? आपण फक्त जमेची बाजू पाहिली, खर्चाची पाहिलीच नाही! तापमान हे नुसत्या मिळकतीवर ठरत नाही. मिळकत आणि खर्च यांचा मेळ जेथे बसतो, तेथे ते स्थिरावते.

उष्णता जाते कशी?

मोटारसायकलच्या सिलिंडरवर पातळ पात्यांच्या चळती तुम्ही पाहिल्या असतील. मेकॅनिक त्यांना 'फिन्स' म्हणतात. ही नक्षी नव्हे. गरम पृष्ठभागाचे क्षेत्रफळ वाढवावे, म्हणजे अधिक हवेचा स्पर्श होऊन अधिक उष्णता जाईल, हा त्यामागचा हेतू आहे. ॲल्युमिनियम उष्णतेचे उत्तम वाहक आहे, म्हणून सिलिंडरची उष्णता पात्याच्या टोकापर्यंत चटकन पोहोचते. येथपर्यंत काम वहनाचे. पुढचे काम हवेचे, म्हणजे अभिसरणाचे.

हवा ही उष्णतेची फार मंद वाहक आहे. स्थिर पाण्याच्या मानाने ती विसाव्या भागाइतकीही उष्णता वाहून नेत नाही. म्हणूनच तर आपण थंडीत हवा अडकवून ठेवणारी लोकर पांघरतो. तेव्हा पात्यांना चिकटलेली गरम हवा दूर सारून तिच्या जागी ताजी हवा आणली, तरच उष्णता जाते. ताशी ५० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर वारा! हा वारा पात्यांच्या फटींतून घुसतो आणि गरम हवा ओढून नेतो. गाडी थांबली की वारा थांबला. मग गरम हवा हलकी होऊन आपली आपण वर जाईल तेवढाच आधार. त्यातही फटी अरुंद. वाऱ्यासाठी आखलेल्या त्या फटींत स्थिर हवा अडकून बसते आणि एरवी थंडावा देणारी तीच पाती थोडी लोकरीसारखी वागू लागतात.

न्यूटनचा शीतलनाचा नियम आठवा. वस्तू उष्णता गमावते ती तिच्या आणि भोवतालच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात. समजा, उन्हाळ्यात हवा ४० अंशांवर आहे आणि धावत्या गाडीचे इंजिन १५० अंशांवर. फरक ११० अंशांचा. आता गाडी थांबली. उष्णता एक तृतीयांश झाली. पण वारा नसल्यामुळे ती बाहेर टाकण्याची ताकद एक पंचमांश झाली असे धरू. मग मेळ बसण्यासाठी तापमानांतला फरक पाच तृतीयांश पट व्हावा लागेल, म्हणजे सुमारे १८३ अंश. त्यात हवेचे ४० मिळवा. इंजिन २२३ अंशांकडे निघाले! हे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत; प्रत्येक गाडीचे वेगळे असतील. धातू जड असल्याने एवढे तापायला काही मिनिटे लागतात. पण दिशा हीच. आणि गर्दीत गाडी नुसती उभी नसते. ती दर वीस पावलांना पहिल्या गिअरमध्ये उठते, अर्धवट दाबलेला क्लच घासतो, आणि मिळवलेला वेग पुढच्याच क्षणी ब्रेकमध्ये जिरतो. म्हणजे उष्णता उभ्या गाडीहून जास्त आणि वारा जवळजवळ नाहीच.

"उन्हाळा आहे, इंजिन तापणारच," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनाही हाच हिशेब घालावा. हवा २० अंशांऐवजी ४० अंशांची झाली, तर इंजिन साधारण वीस अंशांनीच अधिक तापेल. वारा थांबल्याने मात्र वरच्या हिशेबात सत्तर अंशांहून जास्त भर पडली. तेव्हा खरा गुन्हेगार ऊन नाही. खरा गुन्हेगार आहे थांबलेला वारा.

जुन्या स्कूटरचे इंजिन पत्र्याच्या आवरणाखाली असे. तेथे वारा पोहोचायचा नाही, म्हणून आखणी करणाऱ्यांनी इंजिनाच्या फ्लायव्हीललाच पंखा जोडून त्याचा वारा इंजिनावर वळवला होता. मोटारसायकलला असा पंखा देत नाहीत, कारण ती धावणार हे गृहीत धरलेले असते. आपण मात्र तिला गर्दीत तास-तास उभी करतो.

मग करावे काय?

पहिली गोष्ट म्हणजे पाणी ओतू नये. टपरीवाल्याचा विचार भौतिकशास्त्राला धरूनच होता. २०० मिलिलिटर पाणी वाफ होऊन जाताना साडेचार लाख जूल उष्णता घेऊन जाते. इतक्या स्वस्तात इतकी उष्णता दुसरे काहीच नेणार नाही. पण ती एकाच जागेची आणि एकाएकी नेते. ॲल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते आणि पुष्कळ इंजिनांत या दोन धातूंचे भाग एकमेकांत घट्ट बसवलेले असतात. बाहेरचा भाग झटकन आकुंचन पावला आणि आतला तसाच राहिला, तर ताण पडून धातू वाकतो किंवा तडकतो. पावसात धावताना उडणारे शिंतोडे वेगळे आणि तापून उभ्या असलेल्या इंजिनावर ओतलेला तांब्या वेगळा. एखादा उपाय परिणामकारक आहे, एवढ्याने तो योग्य ठरत नाही.

दुसरी गोष्ट, वाऱ्याची वाट मोकळी ठेवावी. इंजिन पूर्ण थंड असताना पात्यांतला चिखल आणि तेलकट मळ मऊ ब्रशने काढावा. इंजिनासमोर पडदे, पत्रे, पिशव्या बांधू नयेत.

तिसरी गोष्ट तेल. इंजिनातले तेल केवळ घर्षण कमी करत नाही. दट्ट्याच्या पोटाखालची उष्णता उचलून ते खाली आणते. छोट्या मोटारसायकलमध्ये ते जेमतेम लिटरभर असते. त्यातले पाव लिटर कमी झाले, तर उरलेल्या तेलाला तेवढीच उष्णता वाहावी लागते. ते अधिक तापते, पातळ होते आणि धातूंच्या मधला तेलाचा पापुद्रा विरळ होतो. मग घर्षण वाढते आणि घर्षणाने आणखी उष्णता! म्हणून तेलाची पातळी वरचेवर पाहावी आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच तेल घालावे. "जाड तेल घाला, थंड राहील," हा सल्ला ऐकू नये.

चौथी गोष्ट चालवणाऱ्याच्या हातातली आहे. गर्दीत अर्धा क्लच धरून इंचाइंचाने सरकू नये. पुढे थोडी जागा होऊ द्यावी आणि मग एकदाच पुढे जावे. थांबल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी. उगाच अॅक्सिलरेटर पिळत बसू नये. इंजिन खडखडू लागले, ओढ कमी झाली, तर हट्ट न करता कडेला सावलीत थांबावे.

पाचवी गोष्ट सर्वांत सोपी आहे आणि तिच्याच विषयी मला आज खरे म्हणजे बोलायचे आहे. सिग्नलला इंजिन बंद करावे.

एका सिग्नलचा हिशेब

दीड मिनिटाच्या सिग्नलला, आपल्या हिशेबाप्रमाणे, उभी गाडी ५ मिलिलिटर पेट्रोल जाळते. "एवढेच ना!" असे तुम्ही म्हणाल. पण त्यातून निघणारी उष्णता १ लाख ६० हजार जूल आहे. ती सगळी वापरता आली, तर अर्धा लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत नेता येईल. म्हणजे प्रत्येक गाडी प्रत्येक लाल दिव्यापाशी पाच कप चहाचे आधण ठेवते आणि सांडून देते. चौकात अशा १०० गाड्या असल्या, तर त्यांची उष्णता १००० वॅटच्या सुमारे १८० इस्त्र्या एकदम चालू ठेवण्याइतकी होते.

त्या १८० इस्त्र्यांच्या मध्ये एक माणूस उभा असतो. तो म्हणजे वाहतूक पोलीस. आपण दीड मिनिटाने तेथून सुटतो. तो सगळी पाळी तेथेच काढतो. कडेला गजरे विकणारी बाई असते, रस्ता ओलांडू पाहणारे आजोबा असतात. त्यांच्या वाट्याला उष्णतेबरोबर धूरही येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. म्हणून माझे मत असे आहे, की सिग्नलला इंजिन बंद करणे हा केवळ पेट्रोल वाचवण्याचा किंवा इंजिन जपण्याचा प्रश्न नाही. तो दुसऱ्याच्या श्वासाचा प्रश्न आहे.

यावर आक्षेप येतात आणि ते ऐकून घेतले पाहिजेत. एक आक्षेप असा, की पुन्हा चालू करताना जास्त पेट्रोल लागते. गरम इंजिनाच्या बाबतीत हे खरे नाही. अर्ध्या मिनिटाहून अधिक थांबायचे असेल, तर बंद करणेच फायद्याचे. २०१४ मध्ये हीरो कंपनीने न्यूट्रलमध्ये थांबल्यावर आपोआप बंद होणारे आणि क्लच दाबताच चालू होणारे इंजिन आपल्या मोटारसायकलमध्ये आणले, ते काही पेट्रोल वाया घालवण्यासाठी नव्हे! दुसरा आक्षेप असा, की इंजिन बंद केल्यावर आतली उष्णता बाहेर येऊन पाती क्षणभर आणखी तापतात. हे खरे आहे. पण ती आधी तयार झालेली उष्णता आहे. नवी भर थांबलेली असते. तिसरा आक्षेप मला अधिक पटतो. बॅटरी कमजोर असली आणि गाडी वेळेवर चालू झाली नाही, तर मागचे हॉर्न वाजवून जीव नकोसा करतात. याला उत्तर विज्ञानात नाही. थोडे बॅटरीच्या देखभालीत आहे आणि पुष्कळसे आपल्या सभ्यतेत आहे. दर दहा सेकंदांनी सरकणाऱ्या रांगेत इंजिन बंद करता येणार नाही, हेही मान्य. तेथे जी गोष्ट करता येते ती इतकीच, की दोन किलोमीटरसाठी गाडी काढावी का, याचा निघण्यापूर्वी विचार करावा. त्या रविवारी मी चालत गेलो असतो, तर अर्ध्या तासात पोहोचलो असतो.

दिल्लीत २०२० सालच्या ऑक्टोबरमध्ये 'रेड लाइट ऑन, गाडी ऑफ' अशी मोहीम सरकारने चालवली होती. मोहिमा चांगल्याच, पण त्या संपतात. सवय संपत नाही.

तुमचे काम

तुम्ही म्हणाल, "आम्ही तर गाडी चालवतच नाही." अगदी योग्य! गिअरची मोटारसायकल चालवायला कायद्याने १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. त्याआधी हात लावू नका. पण तुम्ही आईच्या किंवा बाबांच्या मागे बसता ना? मग सिग्नलचे आकडे तुम्हालाच नीट दिसतात. साठपेक्षा मोठा आकडा दिसला, की खांद्यावर हलकेच हात ठेवून म्हणा, "बाबा, बंद करा ना इंजिन." ते विचारतील, "का रे?" तेव्हा पाच कप चहाचा हिशेब सांगा.

आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, करून पाहा. दोन सारखे स्टीलचे पेले घ्या. दोन्हींत सारखेच, सुमारे ७० अंशांचे गरम पाणी मोठ्या माणसांच्या मदतीने ओता. वाफेने उष्णता जाऊ नये म्हणून वर पुठ्ठ्याचे झाकण ठेवा आणि त्याला भोक पाडून तापमापी बसवा. एक पेला टेबलावरच्या पंख्यासमोर, दुसरा खोलीच्या शांत कोपऱ्यात. दर दोन मिनिटांनी तापमान लिहा आणि आलेख काढा. मग पंख्यासमोरच्या पेल्याभोवती जाड टॉवेल गुंडाळून प्रयोग पुन्हा करा. तिन्ही वक्ररेषा एकाच कागदावर आल्या, की माझ्या रेक्झिनच्या पडद्यांनी काय केले ते तुम्हाला कळेल.

शिक्षक बंधुभगिनींनाही एक विनंती आहे. वहन, अभिसरण आणि प्रारण शिकवताना पुस्तकातल्या चंचुपात्राच्या आकृतीवर थांबू नये. शाळेच्या आवारात कोणाची तरी मोटारसायकल उभी असतेच. ती थंड झाल्यावर वर्ग तिच्याभोवती न्यावा. पाती मोजावीत, फटीत साठलेला चिखल दाखवावा, तेलाची पट्टी काढून दाखवावी. मी हे धडे पुष्कळ वर्षे फळ्यावर शिकवले आणि माझीच गाडी भर रस्त्यात बंद पडली. आता दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी मी माझी गाडी वर्गासमोर उभी करतो. मुले पहिल्यांदा पाती पाहत नाहीत. लेग गार्डला पडदे बांधले आहेत का, तेच आधी पाहतात.